रस्त्यासाठी झाडं तोडायची नोटीस लागली आहे. नाशिक महापालिकेकडे हरकत कशी घ्यायची, आणि वृक्षारोपणावर झालेल्या खर्चाचा हिशेब मागता येतो का?

हिशेब मागता येतो, आणि माझ्या मते हरकत आणि हिशेब दोन्ही एकाच वेळी मागावेत. नुसतं झाडाबद्दल बोललं की आपल्याला ‘विकासविरोधी’ ठरवून बाजूला सारतात. नुसतं पैशाबद्दल बोललं की ते राजकारण ठरतं. पण एका झाडाला किती खर्च येतो आणि त्याच्या बदल्यात लावलेलं रोप जगलं का, असं एकत्र विचारलं की उत्तर देणाऱ्याला फाइल उघडावीच लागते.

आधी हरकत. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडावरही नोटीस लावावी लागते. म्हणून सगळ्यात आधी झाडावरच्या नोटिसीचा फोटो काढा. तारीख, झाडाचा क्रमांक आणि हरकतीची मुदत स्पष्ट दिसली पाहिजे. मुदत फार कमी असते. सोसायटीच्या बैठकीची वाट पाहत बसू नका.

आमच्या भागात रस्ता रुंद होणार होता तेव्हा आम्ही आधी ‘झाडे वाचवा’ असं सह्यांचं निवेदन तयार केलं होतं. एका जुन्या कार्यकर्त्या काकूंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “यात एकही झाड दिसत नाही.” मग आम्ही झाडागणिक तक्ता केला. क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरचा घेर, रस्त्याच्या मध्यापासून अंतर, फोटो, आणि शेवटच्या रकान्यात ते झाड का वाचू शकतं याचं एक वाक्य. सुनावणीत खरं बोलणं त्या शेवटच्या रकान्यावर झालं. पावसाळी गटार एका बाजूला सरकवता येत होतं, आणि त्या बाजूचे कडुनिंब राहिले. सगळी झाडं वाचली नाहीत. जी गेली त्यांत एक उंबर होता, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तक्त्यात वयाला महत्त्व द्या. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला ‘हेरिटेज’ म्हणजे प्राचीन वृक्ष मानलं आहे. एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची, हाही नियम त्याच दुरुस्तीतला. म्हणून प्रस्तावात वडाचं किंवा चिंचेचं वय किती लिहिलं आहे ते बारकाईने पाहा. वय कमी लिहिलं गेलं की झाडाचं संरक्षण कमी होतं आणि बदल्यात लावायची झाडंही कमी होतात. कॉलनीतल्या आजी-आजोबांकडे जुने फोटो असतील तर जोडा. त्यांत झाड उभं असेल तर तो पुरावा आहे.

पर्याय सुचवायला घाबरू नका. २०२२ मध्ये उंटवाडीचा जुना वड उड्डाणपुलाच्या वाटेत आला होता. लोक उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी लक्ष घातलं, आणि पुढे पूलच बारगळला. तपोवनाचं तर ताजं आहे. कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामासाठी सुमारे १,८०० झाडांबाबत नोव्हेंबर २०२५ मध्ये नोटीस निघाली, शेकडो हरकती गेल्या, आणि डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने तोडीला अंतरिम स्थगिती दिली. यातली कितीतरी माणसं रोज गंगेवर, म्हणजे गोदावरीवर जाणारी, कुंभाला मनापासून मानणारीच होती. त्यामुळे कुणी ‘तुम्ही कुंभाच्या विरोधात आहात का?’ म्हणालं तर गप्प बसू नका.

आता पैसा. घरपट्टीचं बिल काढा. त्यात वृक्षकराची वेगळी ओळ असते. हा पैसा झाडांसाठीच आपण भरतो, त्यामुळे विचारताना संकोच वाटायचं कारण नाही. माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तोडीचा आणि लागवडीचा अर्ज वेगळा ठेवा. ‘किती खर्च झाला’ असा प्रश्न लिहू नका, एक आकडा येईल आणि विषय संपेल. लागवडीच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेलं काम मोजून ज्यात नोंदवतात ती ‘एमबी’) संबंधित पानं आणि अदा केलेली देयकं, अशी कागदपत्रांची नावं घेऊन मागा. सोबत लागवडीच्या जागांची यादी. मग एखाद्या रविवारी एमबीची पानं घेऊन चौघांनी त्या जागेवर जा. खड्डे, रोपं, जाळ्या मोजा, फोटो घ्या. देखभालीचं बिल निघालं असेल तर पाणी घालायला टँकर किती वेळा आला हे शेजारच्या टपरीवाल्याला नक्की माहीत असतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. पुष्कळ लोक इथेच सोडून देतात, तुम्ही सोडू नका.

काम कोणाचं आहे हेही आधी शोधा. महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण की कुंभमेळा प्राधिकरण? निधी आणि निविदा कुणाची यावर हिशेबाचा अर्ज कुठे जाणार ते ठरतं. झाडाची हरकत मात्र वृक्ष प्राधिकरणाकडेच. ती महापालिकेच्या मुख्यालयात, म्हणजे राजीव गांधी भवनात, आणि तुमच्या विभागीय कार्यालयात, दोन्हीकडे द्या आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का नसलेली हरकत नंतर सिद्ध करता येत नाही. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेवर प्रशासक होते, तेव्हा प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. आता आहे. तक्त्याची प्रत प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना द्या, तुम्ही मत दिलेल्या एकालाच नको.

आणि सुनावणीआधीच करवत घेऊन माणसं आली, तर त्या मजुरांशी भांडू नका, ते रोजंदारीवर आलेले असतात. त्यांच्या मुकादमाकडे परवानगीच्या आदेशाची प्रत मागा. आदेशातले झाडांचे क्रमांक समोरच्या झाडांशी जुळवून पाहा. प्रत नसेल किंवा क्रमांक जुळत नसतील तर ११२ ला फोन करा, वृक्ष अधिकाऱ्यांना बोलवा आणि पंचनामा होईपर्यंत जागेवरून हलू नका.