‘गेलेलं भरून निघालं की सोडतो’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पर्यटकांच्या गावात राहता, नवरा हॉटेलात नोकरीला. ड्यूटी सुटली की तो कॅसिनोत जातो. साठवलेलं संपलं, वर उसनवारी झाली आणि आता म्हणतो, ‘तुझी ठेव मोड. गेलेलं भरून काढतो, मग पुन्हा पाऊल टाकणार नाही.’ देऊ का, असं तुम्ही विचारताय.

देऊ नका. एक पैसाही नको.

तो तुम्हाला फसवतोय असं मला वाटत नाही. त्याला ते मनापासून खरं वाटतंय आणि मला भीती वाटते ती याचीच. रुलेट म्हणजे फिरत्या चाकात गोळी कुठल्या आकड्यावर थांबते, यावर पैसे लावायचे. त्याच्या साध्या चाकात ३७ घरं असतात, एक शून्याचं सोडलं तर लाल किंवा काळी. आकडा लागला तर लावलेले परत आणि वर त्याच्या ३५ पट मिळतात. हा फरकच कॅसिनोची कमाई. जितकं जास्त खेळाल, तितकं जाणं पक्कं. पर्यटक दोन रात्री हरतो आणि गाव सोडतो. तुमच्या नवऱ्याच्या वाटेवर ते दार रोज उघडं आहे. युरोपातल्या मोनॅको या चिमुकल्या देशाच्या नागरिकांना तिथल्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे, ती उगीच नाही.

टेबलाशेजारी मागचे निकाल दाखवणारा फलक असतो. चार-पाचदा काळा आला की वाटतं, आता लालच येणार. १९१३ साली त्याच मोनॅकोतल्या माँटे कार्लोच्या कॅसिनोत सलग २६ वेळा काळा आला. ‘आता लाल’ म्हणत पैसे लावत राहिलेले लोक धुऊन निघाले. प्रत्येक फेरी नवी असते, पण हरलेल्या माणसाला हे पटत नाही.

कोणाचे किती घेतलेत, ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. फेडायचं ते ज्याचं त्याला थेट द्या, नवऱ्याच्या हातात रोख नको. कर्जाच्या कागदावर सही करू नका. कार्डाचा पिन आजच बदला. बऱ्याच ठिकाणी स्वतःवरच प्रवेशबंदी घालून घेता येते. तो अर्ज त्याने करायचा. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे दोघं मिळून जा. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराचं व्यसन आजारांच्या यादीत घेतलंय, त्यामुळे लाज धरू नका.

तुम्ही नाही म्हटल्यावर तो चिडेल, अबोला धरेल. ते सोसा. पण ‘जगण्यात अर्थ नाही’ असं काही बोलला, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कर्जाखाली दबलेल्या माणसाचं असं बोलणं कधीच हलक्यात घ्यायचं नसतं.

त्याच्याशी बोलणं झालं की मला कळवा.