पल्ला विचारलास, आता नळीचं विचार

सातारा

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षालाच तुला तोफांच्या कामात शिरायचंय, हे वाचून फार बरं वाटलं. आपल्या जिल्ह्यातून पोरं पिढ्यान् पिढ्या फौजेत जातात. अपशिंग्यात तर घराघरात जवान. आता तोफ घडवायलाही इथली पोरं जायला हवीत.

पण तुझ्या पत्रात सारखा ४८ किलोमीटरचाच आकडा येतो. एटॅग्ज या आपल्या देशात घडवलेल्या नव्या तोफेनं चाचणीत तेवढा पल्ला गाठला, खरंय. तो आला कुठून ते बघ. बोफोर्सची नळी ३९ कॅलिबरची, म्हणजे नळीच्या आतल्या १५५ मिलिमीटर व्यासाच्या ३९ पट लांब, साधारण ६ मीटर. एटॅग्जची ५२ कॅलिबर, ८ मीटर. नळी लांब असली की दारूचा वायू गोळ्याला जास्त वेळ ढकलतो. दारू जळते ते चेंबरही, ५२ कॅलिबरच्या इतर तोफांत असतं तसं २३ लिटरचं नाही, २५ लिटरचं. शिवाय गोळ्याच्या बुडाशी बेस ब्लीड: उडत्या गोळ्यामागे हवेचा दाब घटतो आणि गोळा मागे ओढला जातो. तिथं थोडं इंधन जळत राहिलं की ही ओढ कमी होते.

हे सगळं सोसते नळी. प्रत्येक फायरला ती आतून झिजते, गोळ्याचा वेग उतरतो, गोळा अलीकडे पडतो. १९१८ साली जर्मनांनी सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर मारा केला, तेव्हा नळी इतकी झिजायची की प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा किंचित जाड करून त्यावर क्रमांक घालावा लागे. नेम कसला? अख्खं शहर, एवढाच. २९ मार्चला, गुड फ्रायडेला, एक गोळा भर प्रार्थनेत चर्चवर पडला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. तुझ्या वयाला हे माहीत असायलाच हवं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मी तोफखान्यात टीए, म्हणजे टेक्निकल असिस्टंट होतो. फायरिंग टेबलवरून, म्हणजे कोणत्या पल्ल्याला किती कोन लावायचा त्या तक्त्यांवरून, हिशेब करणं हेच काम. आडवा कोन एका मिलनं (मिल म्हणजे तोफखान्यातलं कोनाचं छोटं माप) चुकला तर १५ किलोमीटरवर गोळा १५ मीटर बाजूला जातो, ४० किलोमीटरवर ४० मीटर. त्यात एवढ्या लांबचा गोळा दहा किलोमीटरच्याही वर चढतो, मिनिटभराहून जास्त हवेत असतो. खाली वारा एका दिशेचा, वर दुसऱ्याच. कारगिलच्या विरळ हवेत बोफोर्सचा पल्ला वाढला, पण मैदानातले आकडे तिथं जसेच्या तसे चालणार कसे? म्हणून हवामानाची माहिती ताजी लागते. पल्ला वाढला की हे सगळं दुपटीनं छळतं.

तेव्हा धातुशास्त्र मनापासून शिक. जाड सिलिंडरमधल्या ताणाचं प्रकरण परीक्षेपुरतं वाचून सोडू नकोस; नळीला आतून प्रचंड दाब देऊन आतला थर कायमचा दाबाखाली ठेवतात, त्या ऑटोफ्रेटाजचं सगळं गणित तिथंच आहे. २०२० साली पोखरणला चाचणीत एटॅग्जची नळी फुटून माणसं जखमी झाली. त्यानंतरही काम चालू राहिलं आणि मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार झाला. मधली पाच वर्षं मला त्या ४८ किलोमीटरपेक्षा मोठी वाटतात.

प्रोजेक्टला 'पल्ला वाढवणे' हा विषय घेऊ नकोस, नळीची झीज घे. एमआयडीसीत बोअरिंगचं काम करणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सुट्टीत जाऊन बस, नळीचा आतला व्यास मोजणारं बोअर गेज स्वतःच्या हातानं लावून बघ. टप्प्याटप्प्यानं मापं घे आणि तो तक्ता मला पाठव. मी तपासून देतो.

तुझा,
काका