म्युनिकजवळ भागीतला घोडा: आधी लीद, मग लगाम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: येत्या सप्टेंबरमध्ये यजमानांच्या नोकरीनिमित्त तुम्ही म्युनिकजवळ राहायला येणार आहात, आठ वर्षांची मुलगी पुण्यात दोन वर्षे घोडेस्वारी शिकते आहे, तिची शिकवणी तुटू नये यासाठी काय करावे, आणि तिकडे दुसऱ्याचा घोडा आठवड्यातून दोन दिवस भागीने मिळतो असे ऐकले ते खरे का. प्रश्न वाचून दोन दिवस मी उत्तर लिहायचे टाळले. 2012 च्या सप्टेंबरमध्ये मीही पुण्याहूनच या भागात आले, माझीही मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, आणि मीही हाच प्रश्न याच क्रमाने विचारला होता. त्यामुळे तुमच्या चार ओळींनी एक जुनी खपली निघाली. व्हिसा, पत्त्याची नोंदणी आणि आरोग्यविमा यांबद्दल मी काही लिहीत नाही. ते सारे सरकारी संकेतस्थळांवर व्यवस्थित दिलेले आहे.

भागीचे ऐकले ते खरे आहे. आपल्याकडे शेत अर्धेलीने देतात तसा हा व्यवहार असतो. घोडा मालकाचा राहतो, पागेचे भाडे आणि डॉक्टरचा खर्च मालक करतो, आणि तुम्ही महिन्याला ठरलेली रक्कम देऊन ठरलेल्या वारी त्या घोड्यावर बसता. याला इथे राइटबेटाइलिगुंग म्हणतात. शब्द लांबलचक आहे, पण पाठ करून या, कारण पागेतल्या आणि घोड्याच्या सामानाच्या दुकानातल्या फलकांवर तुम्हाला तोच शोधायचा आहे. मी 2013 साली दोन दिवसांसाठी महिना 100 युरो देत असे. आता भाव चढले आहेत आणि म्युनिकच्या जवळ ते अधिकच चढलेले असतात.

परंतु आठ वर्षांच्या मुलीला कोणी मालक आपला घोडा सहसा देत नाही, आणि तो पैशांचा प्रश्न नसतो. जर्मन नागरी कायद्याच्या 833 व्या कलमानुसार हौसेखातर पाळलेल्या जनावराने कोणाचे नुकसान केले तर मालकाची चूक असो वा नसो, जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून मालक आधी तुम्हाला बसलेले पाहतो, मग उतरल्यावर तुम्ही काय करता तेही पाहतो, आणि बहुतेकांचा निर्णय दुसऱ्या गोष्टीवरून होतो. व्यवहार ठरलाच तर लेखी करा. घोड्याच्या विम्यात परक्या स्वाराची नोंद आहे का, आणि पडून तुम्हालाच लागले तर तोच विमा भरपाई देतो का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. पहिल्याचे उत्तर बहुधा तत्काळ ‘हो’ असे येते आणि दुसऱ्यावर मालक कागद शोधायला जातो.

मुलीसाठी आधी मंडळ गाठावे लागेल. गावोगावी राइटफेराइन असतात, म्हणजे आपल्या क्रीडामंडळांसारख्या नोंदलेल्या संस्था, आणि त्यांची शिखरसंस्था वारेनडॉर्फ गावी आहे. तिच्या परीक्षांना क्रमांक आहेत: दहा सर्वांत सोपी, एक सर्वांत अवघड. लहान मुलांना पुष्कळ ठिकाणी आधी व्होल्टिझीरेनला घालतात, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्याच्या पाठीवर कसरती. तुमच्या मुलीला हा अपमान वाटेल. माझ्या मुलीला वाटला होता. पुण्यात ती रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या थरोब्रेडवर कँटर, म्हणजे मध्यम दौड, करीत असे. इथे तिला सहा आठवडे रिकिबीविना लाँजवर, म्हणजे त्याच लांब दोरीवर, फिरवले आणि शिक्षिकेने प्रत्येक वेळी एकच वाक्य सांगितले, की हात शांत ठेव. तिची मांड पक्की नव्हती, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर मी भांडले असते.

खरे घोडे पेंड खाते ते आणखी अलीकडे. पुण्यात मोतद्दार खोगीर कसून घोडा पुढ्यात आणून उभा करतो, तासाभराने तोच लगाम हातात घेतो, आणि आपण पाणी पिऊन घरी जातो. इथे मुलांनी अर्धा तास आधी यायचे, घोडा स्वतः आणायचा, खरारा करायचा, चारही खूर उचलून कोरायचे, आणि उतरल्यावर हे सारे उलट क्रमाने पुन्हा करून पागेतला बोळ झाडायचा. दोन वर्षे घोड्यावर बसलेल्या माझ्या मुलीने एकदाही खूर हातात धरला नव्हता. पहिल्या दिवशी तिच्याहून लहान मुलीने तिला खूर उचलून दाखवला, तेव्हा ती रडली नाही. घरी येऊन जेवली मात्र नाही. तुमच्या हातात अजून काही महिने आहेत. तिला तिथल्याच मोतद्दारकाकांच्या हाताखाली रोज अर्धा तास उभी करा. नव्या बुटांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. बूट आणि खोगिराच्या बाबतीत एक गंमत सांगते: इथल्या दुकानातल्या खोगिराची झडप उलटून पाहिली तर पुष्कळदा ‘मेड इन इंडिया’ दिसते. माल बहुधा आपल्याच कानपूरचा असतो. टोपी मात्र इथेच घ्या, कारण ती युरोपीय मानकाची आहे का हे मंडळ तपासते.

जागा कशी मिळते, ते सांगते. मी अकरा ठिकाणी ईमेल पाठवले, दोन ठिकाणांहून प्रतीक्षायादीत नाव घातल्याचे उत्तर आले, उरलेल्यांनी काहीच कळवले नाही, आणि मी ते माझ्या नावावर आणि माझ्या जर्मनवर घेतले. तसे नव्हते. पागेत ईमेल कोणी वाचत नाही. ती माणसे दिवसभर बाहेर असतात. मंडळाच्या सभासदांना वर्षाकाठी ठरावीक तास श्रमदान करावे लागते, न केल्यास त्याचे पैसे भरावे लागतात, आणि पुष्कळ लोक पैसे भरून मोकळे होतात. मी एका शनिवारी गमबूट घालून गेले आणि काम आहे का विचारले. माझ्या हातात लीद उचलण्याचा काटा आला. चार शनिवार मी लीद आणि ओला पेंढा ओढला. पाचव्या शनिवारी मुलीला व्होल्टिझीरेनच्या गटात जागा ‘झाली’, आणि त्याच महिन्यात एका बाईंनी आपल्या घोडीसाठी भागीदार हवा असल्याचे मला बोलता बोलता सांगितले. ती जाहिरात फलकावर कधी लागलीच नव्हती.

हे मला वर्षभर उशिरा साधले, त्याला कारण वाहनाचा परवाना. पागा शहराबाहेर, एस-बान या उपनगरी रेल्वेच्या शेवटच्या स्थानकापासून पाच किलोमीटरवर, आणि तिथली बस शनिवारी दुपारनंतर बंद. भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, हे मी वाचले होते; परंतु सहा महिने पुष्कळ असतात असे मला वाटले. अर्जाबरोबर परवान्याचे भाषांतर, डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग लागतो. माझे कागद एकदा भाषांतरावर शिक्का चुकीच्या जागी आहे म्हणून परत आले, दुसऱ्यांदा छायाचित्र जुने आहे म्हणून, आणि दरम्यान सहा महिने उलटून गेले. पुण्यात अकरा वर्षे लक्ष्मी रस्त्यावर गाडी चालवलेल्या मला इथल्या प्रत्यक्ष परीक्षेत एका निर्जन गल्लीत नापास केले, कारण उजवीकडून येणाऱ्या गाडीला प्राधान्य असते हे मी विसरले. गाडी येत होती, हे मान्य. पण ती इतकी लांब होती की लक्ष्मी रस्त्यावर तेवढ्या अंतरात तीन रिक्षा वळल्या असत्या. आल्या आठवड्यातच अर्ज करा. एवढा उपदेश मी अधिकाराने करते.

घोडी हाफलिंगर होती, तांबूस अंगाची, पांढरट आयाळीची, सतरा वर्षांची, टिरोलकडच्या जातीची, ठेंगणी आणि हट्टी. दुसऱ्याच आठवड्यात मी तिच्यासाठी घरून गूळ नेला. आपल्याकडे घोड्याला गूळ आणि हरभरे लाडाने देतात, आणि पुण्याहून आणलेल्या ढेपेतला तो खडा माझ्या लेखी मोठाच नजराणा होता. घोडीने तो तळहातावरून ओठांनी उचलला, मान खाली घालून चघळला आणि उरलेला चिकटपणा चाटायला पुन्हा हात शोधू लागली. तिचा श्वास गरम होता आणि त्याला वाळक्या गवताचा वास होता. मालकीणबाई धावत आल्या. या जातीच्या घोड्यांना साखरेने खुरांचा दाह होतो, घोडी दोन वर्षांपूर्वी त्यानेच आजारी होती, आणि आमच्या कराराच्या दुसऱ्या पानावर ते लिहिलेले होते, तेच पान मी वाचले नव्हते. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. घोडीचे पुढचे दोन्ही खूर हाताने चाचपून, गरम नाहीत याची खात्री करून घेतली, आणि मला म्हणाल्या, आता तुम्ही करून दाखवा. तेव्हापासून खुराला हात लावल्याशिवाय मी खोगीर कधी चढवलेले नाही.

आता शाळेविषयी. तुम्ही विचारलेले नाही, तरीही लिहिते, कारण तुमची मुलगी इथे तिसरीत बसेल. बव्हेरियात चौथीच्या मे महिन्यात मुलांना एक गुणपत्रक मिळते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असली तर गिम्नाझियुम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, 2.66 पर्यंत रेआलशूले ही मधली शाळा, आणि सरासरी त्याहून वाईट असली तर मिटेलशूले, जिथून मुले बहुधा कामधंद्याच्या शिक्षणाकडे वळतात. श्रेणी जितकी लहान तितकी चांगली. माझ्या मुलीला गणितात दोन आणि इतर दोन्हींत तीन मिळाले, म्हणजे 2.66. गिम्नाझियुमला एका विषयात एक श्रेणी कमी पडली. इथे येऊन वीस महिने झालेल्या मुलीला जर्मनमध्ये तीन मिळाले तर तिचे कौतुक व्हायला हवे असे मी वर्गशिक्षिकेला म्हणाले. त्यांनी ते मनापासून मान्य केले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. तीन दिवसांच्या चाचणी-तासिकांना बसवून गिम्नाझियुमचा प्रयत्न करता आला असता. मी बसवले नाही. दहा वर्षांच्या मुलीला इतका ताण कशाला, असे मी सर्वांना सांगितले. रेआलशूले वाईट नव्हती. तिथून फाखओबरशूलेमार्गे, म्हणजे उच्च शिक्षणाकडे नेणाऱ्या पुढच्या व्यावसायिक शाळेमार्गे, ती पुढे गेली आणि आज तिच्या आवडीच्या विषयात शिकते आहे. तरीही ते 2.66 मला दाराच्या क्रमांकासारखे पाठ आहे.

शाळेचा विषय मी यासाठी काढला, की भागीचा घोडा मी मुलीसाठी म्हणून शोधला होता. करार माझ्या नावावर, कारण ती लहान. मंगळवार आणि गुरुवार दुपारी, कारण त्या दिवशी शाळा लवकर सुटे. पहिला महिना ती बसली, मग तिचा उत्साह ओसरला, आणि मला ते कळले तरी मी घोडी सोडली नाही. कॉलेजात असताना मी वर्षभर घोड्यावर बसले होते आणि मांड बसण्याआधीच परीक्षा आल्या होत्या, ते अर्धे राहिलेले काम मी चौथीच्या वर्षात पुरे करीत होते. यजमान आठवडाभर बाहेरगावी असत. मुलगी खोगीरखोलीतल्या बाकावर बसून परिसर अभ्यासाचा गृहपाठ करी, आणि मी बाहेर दुडकीवर पाठ सरळ कशी ठेवावी ते शिकत असे. तिथे शेगडी नव्हती. हातमोजे घालून पेन्सिल धरता येत नाही आणि काढले तर बोटे वळत नाहीत, हे तिने मला परवा, एवढ्या वर्षांनी, हसत हसत सांगितले. तिच्या मनात काही नव्हते. एक श्रेणी त्या बाकावर गेली, की ती जर्मनमुळे जाणारच होती, हे मला ठरवता येत नाही, आणि ज्यांना विचारावे ते सारे मला बरे वाटेल असेच उत्तर देतात.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की पहिली दोन वर्षे भागीच्या घोड्याच्या नादी लागू नका. मुलीला आठवड्यातून एकदा मंडळात पाठवा, तिथे जर्मन आपोआप सुधारते, कारण घोड्याविषयी बोलताना मुले चुकांना लाजत नाहीत. भागी पाचवीत गेल्यावर. तोवर तुम्हाला स्वतःला बसायचे असेल तर शनिवारी सकाळी बसा, ते माझ्यासारखे मुलीच्या नावावर घालू नका.

एकटेपणाचे तुम्ही शेवटी विचारले आहे. तो येतो, नोव्हेंबरमध्ये जास्त येतो, मराठी मंडळाच्या गणपतीत कमी होतो. त्याचे फार मनावर घेऊ नये.

घोडी आता तिसाव्या वर्षात आहे आणि तिच्यावर कोणी बसत नाही. करार केव्हाच संपला, पैसेही मी देत नाही. मालकीणबाईंचे गुडघे गेल्यापासून मंगळवारी मीच तिला दोरीने ओढ्यापर्यंत नेऊन आणते, आधी चारही खुरांना हात लावून. सप्टेंबरमध्ये आलात की एखाद्या मंगळवारी चारनंतर मुलीला घेऊन या. कोरायला खूर आहेत, बोळही झाडायचा असतो. तिच्यासाठी गमबूट आणि जाड मोजे आणा. गूळ मात्र आणू नका.