एलएलबीच्या पैशांचं गणित

सीईटीत मार्क पडले, छान. पण फीच्या आधी एक लक्षात घे: प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घे. मॅनेजमेंट कोट्यात गेलास की राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती विसर. कॅपमधून आलास आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर खुल्या गटातल्यालाही शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, त्याचा अर्ज आजच सेतू केंद्रात टाक. ऐनवेळी रांग नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकसारखी असते. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. माझा शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता त्यापायीच अडकला होता. आणि हे पैसे उशिराच येतात, तेव्हा पहिल्या वर्षाची फी हाताशी ठेव.

नाशिकमध्येच घरून ये-जा करणार असशील तर कर्ज कशाला? पुण्या-मुंबईला जाणार असशील तरच शैक्षणिक कर्जाचं विद्यालक्ष्मी पोर्टल बघ. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तेवढं शिकतानाच भर. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा कोर्टात ज्युनिअर वकिलाच्या हातात सुरुवातीला चहापाण्यापुरतंच पडतं रे, त्यावर मोठा हप्ता झेपत नाही.