ॲस्ट्रल बॉडी म्हणजे आपलं लिंगशरीर नव्हे

तुम्ही ॲस्ट्रल देहाबद्दलचा एक उतारा दिला आहे आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत. पाश्चात्य गूढविद्येतली ‘ॲस्ट्रल बॉडी’ ही आपल्याच सूक्ष्मदेहाची उचलेगिरी आहे का, आणि पंचकोशांशी, म्हणजे उपनिषदात सांगितलेल्या आत्म्यावरच्या पाच आवरणांशी, तिची जोडी कशी लावायची. पहिल्याचं उत्तर माझ्या मते नाही. दुसऱ्याचं उत्तर असं, की जोडी लावायची घाई करू नका. मी फार वर्षांपूर्वी वहीत दोन रकाने आखून ती लावायला बसलो होतो आणि ‘लिंगशरीर’ (सूक्ष्मदेहाचंच शास्त्रातलं नाव) या एका शब्दापाशी सगळं अडलं. त्याकडे येतोच, पण आधी ग्रीकांकडे जायला हवं.

‘ॲस्ट्रल’ हा शब्द मुळात ताऱ्याचा. प्लेटोच्या ‘तिमाइअस’मध्ये सृष्टिकर्ता प्रत्येक जीवाला एकेक तारा नेमून देतो आणि रथात बसवावं तसं त्यावर बसवतो. या वाहनाला ग्रीकमध्ये ‘ओखेमा’ म्हणतात. ॲरिस्टॉटलने बीजातल्या ‘न्यूमा’चं, म्हणजे उष्ण श्वासासारख्या एका द्रव्याचं, नातं ताऱ्यांच्या द्रव्याशी जोडलं. पुढच्या काळातल्या प्लेटोच्या अनुयायांनी, म्हणजे नवप्लेटोवाद्यांनी, या दोन निरनिराळ्या कल्पना एकत्र बांधल्या आणि सूक्ष्मदेहाची पाश्चात्य कल्पना उभी राहिली ती तिथे.

त्यांच्यापैकी तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरीचं वर्णन मला फार आवडतं. जीवाला देहाची ओढ लागली की त्याच्या न्यूमाला ओल धरते. त्या ओलीने ते ढगासारखं दाटत जातं आणि पुरेसं दाटलं की डोळ्यांना दिसतं. मेलेल्यांच्या छाया दिसतात त्या अशा. पाचव्या शतकात अथेन्समध्ये शिकवणारा प्रोक्लस दोन वाहनं मानतो. एक तेजोमय, कधीही न नासणारं. दुसरं जीव खाली उतरताना वस्त्रांसारखं अंगावर चढत गेलेलं, जे परतताना उतरवायचं असतं. इथे आपल्याला ‘वासांसि जीर्णानि’ आठवणारच. पण गीतेत जुनी वस्त्रं म्हणजे टाकून दिलेली स्थूल शरीरं आहेत. ग्रीकांच्या वाटेवर ग्रह लागतात. लॅटिन लेखक मॅक्रोबियस सांगतो की उतरणारा जीव शनीकडून तर्कशक्ती घेतो, मंगळाकडून धाडस, शुक्राकडून वासना आणि चंद्राकडून देह वाढवण्याची शक्ती. तैत्तिरीय उपनिषदातल्या कोशांमध्ये ही ग्रहांची उतरंड कुठेच नाही. दोन्हींची मुळं वेगळ्या मातीतली आहेत.

युरोपात हा धागा तुटला नाही. पॅरासेल्सस सोळाव्या शतकात पंचमहाभूतांसारख्या मूलतत्त्वांच्या देहाशेजारी ताऱ्यांपासूनचा दुसरा देह मानत होता. केंब्रिजचा हेन्री मोर १६५९ साली जीवाची पार्थिव, वायवीय आणि आकाशीय अशी तीन वाहनं सांगत होता. यांपैकी कुणीही पंचकोश वाचलेले नव्हते.

गाठ पडली ती आपल्या मुंबईत. थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९च्या फेब्रुवारीत इथे उतरले, गिरगावात राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक इथूनच निघू लागलं. येण्यापूर्वी, १८७७ सालच्या पुस्तकात, ब्लाव्हाट्स्कींची मांडणी देह, जीव आणि आत्मा अशी तीन पदरी होती. इथे आल्यावर काही वर्षांतच तिची सात तत्त्वं झाली. त्याच सोसायटीतल्या सिनेटच्या १८८३ सालच्या पुस्तकात ती यादी आहे: रूप, प्राण, लिंगशरीर, कामरूप, मनस्, बुद्धी, आत्मा.

यातलं तिसरं नाव नीट बघा. सिनेट लिंगशरीरालाच ‘ॲस्ट्रल बॉडी’ म्हणतो. त्याच्या मते ती स्थूल देहाची विरळ प्रतिकृती आहे आणि देह गेला की तीही विरून जाते. आता सांख्यकारिका उघडा. चाळिसाव्या कारिकेत लिंगाचं क्रियापद आहे ‘संसरति’: ते जन्मोजन्मी फिरतं. वेदान्तातही पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी असं सतरा अवयवांचं लिंगशरीर मरणानंतर पुढे जातं. वारा जसा फुलातून गंध घेऊन जातो तसा जीव मन आणि इंद्रियं घेऊन जातो, हे गीतेच्या पंधराव्या अध्यायात आहेच. म्हणजे आपल्याकडे जे मरणानंतर टिकतं, त्याचंच नाव थिऑसॉफीने देहापाठोपाठ संपणाऱ्या गोष्टीला दिलं. माझी वही अडली ती इथे. टी. सुब्बा राव स्वतः सोसायटीतले आणि वेदान्ताचे जाणकार. त्यांनी सातऐवजी चार भागांची मांडणी पुढे ठेवली आणि त्यावरून १८८७ साली त्याच मासिकात त्यांचा ब्लाव्हाट्स्कींशी जाहीर वाद झाला. तो वाद मी प्रत्येक नव्या वाचकाला आवर्जून वाचायला सांगतो, कारण आपला माणूस आपल्या शब्दांसाठी किती नेटाने उभा राहिला ते त्यात दिसतं.

पुढे गोंधळ आणखी वाढला. ॲनी बेझंट यांच्या १८९६ सालच्या पुस्तकात ती प्रतिकृती ‘इथरिक’ झाली आणि ‘ॲस्ट्रल बॉडी’ म्हणजे वासना-भावनांचा देह ठरला. तेरा वर्षांत एकाच संस्थेत एका शब्दाचा अर्थ पालटला. थिऑसॉफीतून बाहेर पडलेल्या रुडॉल्फ स्टायनरने पुढे हीच नावं घेतली, पण त्यांना स्वतःचा अर्थ दिला. त्याच्या मते साधारण सातव्या वर्षी मूल दुधाचे दात टाकतं तेव्हा त्याचा इथरिक देह मोकळा होतो. हे ना प्रोक्लसमध्ये सापडेल, ना वेदान्तात.

त्यामुळे कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी साल बघतो आणि मग एकच प्रश्न विचारतो: हा देह मरणानंतर किती काळ टिकतो? तुम्ही दिलेल्या उताऱ्यात ॲस्ट्रल देह रंगीत आहे, भावनांबरोबर त्याचे रंग पालटतात आणि तो कायमचा नाही. हा बेझंट आणि त्यांचे सहकारी लेडबीटर यांच्या परंपरेतला देह आहे. त्याला मनोमय कोश म्हणावंसं वाटेल, पण कोश सांगितले आहेत ते एकेक बाजूला सारून आत्म्यापर्यंत पोचण्यासाठी, त्यात बसून फिरून यायला नव्हेत. त्या उताऱ्यातला माणूस तर रात्री त्या देहातून प्रवासाला निघालेला आहे.