बायको काही बोलत नाही, म्हणजे?

"अक्का, मी खानापूर तालुक्यातला, वय ३४. बेळगावात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. दोन शॉर्टफिल्म केल्या, ७ वर्षं एक मोठी फिल्म लिहितोय. पुण्याचे एक निर्माते पैसे घालतो म्हणतात, पण भाषा 'शुद्ध' करा अशी अट आहे. नाहीतर माझ्या वाटणीची २० गुंठे विकून मीच काढीन. आई चिडली आहे. बायकोच्या पाटल्या आधीच्या फिल्मपायी गहाण पडल्यात. ती काही बोलत नाही. काय करू?"

तम्मा, तुझं लांबलचक पत्र वर थोडक्यात दिलंय. त्यात कॅमेरा आहे, पाऊस आहे, तुझ्या फिल्ममधल्या दूध घालणाऱ्या म्हातारीची सगळी गोष्ट आहे. बायको मात्र एका ओळीत. मी तिथंच अडकले.

माझे वडील नाटकवेडे. शहापुरात रात्र रात्र तालमी चालायच्या. एकदा आईनं त्यांचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात गहाणाची पावती. भिजून लगदा व्हायला आलेली. आईनं ती तव्याच्या कडेला जपून वाळवली, घडी घातली आणि धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवली. एक शब्द बोलली नाही. वडिलांना शेवटपर्यंत वाटलं, हिची हरकत नव्हती. मी ८ वर्षांची होते, मला ठाऊक होतं की होती. पुढं त्यांचं एकही नाटक ती बघायला गेली नाही.

अशा वेळी सगळे दादासाहेब फाळक्यांचं नाव घेतात. घ्यावंच. पण १९१३ च्या त्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई काय करत होत्या तेही बघ. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या रांधत होत्या, आणि फिल्मला भोकं पाडण्यापासूनची कामंही शिकल्या होत्या. त्या कामात त्या होत्या. तुझ्या कामात तुझ्या बायकोच्या फक्त पाटल्या आहेत.

जमीन विकू नकोस. नवख्याच्या फिल्मला थिएटरात आठवडाभर शो मिळाले तरी नशीब समजायचं. महोत्सवातल्या टाळ्यांनी २० गुंठे परत येत नाहीत. आई चिडली ती उगीच नाही.

भाषेचं मात्र कुणाचं ऐकू नकोस, हे मी हक्कानं सांगते. तुझी म्हातारी पैसे कन्नडात मोजते, गाऱ्हाणं मराठीत घालते आणि नातवाला "काय करायलास गा?" म्हणून हाक मारते. तिच्या तोंडी "काय करतो आहेस?" घातलंस की ती तुझ्या गावची राहणार नाही, कुठलीच राहणार नाही. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ साली अमेरिकेत सन्डान्स महोत्सवात परीक्षकांचं मोठं पारितोषिक मिळालं. तिथल्या लोकांना मराठीच कळत नव्हती, मग शुद्ध काय आणि खेड्यातली काय? बोलणारा माणूस खरा वाटला पाहिजे, एवढंच.

निर्माता दुसरा शोध. आपल्याला मुंबईपेक्षा पणजी जवळ. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथं दर नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सुमारास फिल्म बाजार भरतो, अर्धवट फिल्मा आणि नुसत्या संहितासुद्धा घेऊन लोक येतात. अर्जाची मुदत बरीच आधी संपते, ती आत्ताच बघून ठेव.

हातात दाखवायला काहीतरी हवं. चातुर्मासात लग्नं नसतात, तुझा कॅमेरा मोकळा असतो, आणि तुझ्या गोष्टीत पाऊस आहेच. पहिली २० मिनिटं तेव्हा काढ. खर्च आवाजावर कर. चित्र थोडं काळपट आलं तर लोक चालवून घेतात, पण कौलांवरच्या पावसात म्हातारीचं बोलणं बुडालं तर सगळंच बुडालं. आणि लग्नाच्या शूटिंगची लाज वाटते असं पुन्हा लिहू नकोस. अक्षता पडताना मुलीच्या बापाचा चेहरा टिपायला रीटेक मिळत नाही. ती शाळाच आहे तुझी.

पण हे सगळं पाटल्या सुटल्यावर. तुळशीचं लग्न झालं की सीझन लागेल, पहिला पैसा तिकडं.

आणखी एक. ७ वर्षं लिहितोस, पण बायकोला ती संहिता एकदा तरी वाचून दाखवलीस का, हे पत्रात कुठंच नाही. या आठवड्यात रात्रीची जेवणं झाल्यावर तिच्यासमोर बस. आधी गहाणाची पावती ठेव, मग वही उघड. मध्ये ती उठून गेली तर जाऊ दे, थांब. ती काय म्हणाली ते मला कळव.

— तुझी अक्का