कोरोनाच्या काळात अमेरिकन सरकारने शेतकऱ्यांना घरबसल्या डॉलर वाटले, हे खरं आहे का? आपल्याकडे २ हजारांत बोळवण, तिकडे एवढे कसे?

वाटले, हे खरं आहे. मी मिनेसोटाच्या नैऋत्य कोपऱ्यात, नोबल्स काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) शेजारी राहते आणि शेतकऱ्यांची कर-विवरणपत्रं भरून देणाऱ्या एका छोट्या कार्यालयात काम करते. ही मदत उत्पन्नात धरली जाते, तिच्यावर कर लागतो. त्यामुळे कोणाला किती आले ते आमच्या टेबलावर दिसायचंच.

हा मुलूख मका, सोयाबीन आणि डुकरांचा. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये गाड्या घरी उभ्या राहिल्या, पेट्रोलमध्ये मिसळायच्या, मक्यापासून बनणाऱ्या इथेनॉलचा खप बसला आणि त्याबरोबर मक्याचा भावही. डुकरांचे हाल त्याहून वाईट. कामगारांमध्ये साथ पसरल्याने एप्रिलमध्ये नोबल्स काउंटीतल्या वर्दिंग्टन गावचा कत्तलखाना बंद पडला. तिथे रोज २० हजारांच्या आसपास डुकरं जायची. मका कोठीत पडून राहतो, डुक्कर राहत नाही. ते रोज खातं, वाढतं, आणि मागची पिल्लं शेडमध्ये यायला टेकलेली असतात. धडधाकट जनावरं मारून पुरावी लागली.

त्यावर अमेरिकेच्या कृषी खात्याने 'सीफॅप' (कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम) नावाची योजना आणली. पहिल्या फेरीत थेट मदतीसाठी १६ अब्ज डॉलर ठेवले, सप्टेंबरमध्ये दुसऱ्या फेरीला आणखी १४ अब्जांपर्यंत. अर्ज काउंटीच्या एफएसए, म्हणजे कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या कार्यालयात. साथीमुळे बरंचसं काम फोन आणि ईमेलवरच झालं. आकडे शेतकऱ्याने स्वतःच्या सहीने द्यायचे, पावत्या मागितल्या तरच दाखवायच्या.

हिशोब असा. २०१९च्या मक्यापैकी १५ जानेवारी २०२०ला न विकलेला जो शिल्लक असेल तो, पण एकूण पिकाच्या निम्म्यापर्यंतच, धरायचा. त्यावर बुशेलमागे (मक्याचं एक बुशेल म्हणजे साधारण २५ किलो) सरासरी साडेतेहतीस सेंट. ६०० एकरांत १ लाख बुशेल पिकवणाऱ्याला यातून जास्तीत जास्त पावणेसतरा हजार डॉलर. दुसऱ्या फेरीत डुकरामागे २३ डॉलर. एका व्यक्तीला एका फेरीत कमाल अडीच लाख डॉलर. म्हणजे ज्याचा पसारा मोठा, त्याचा चेक मोठा. 'एवढे कसे' याचं उत्तर इथेच आहे. पीएम-किसानचे २ हजार दोन एकरवाल्याला आणि वीस एकरवाल्याला सारखेच. इथे माल मोजून पैसे.

मला यातली एक गोष्ट पटली. रोख खंडाने जमीन दिलेल्या मालकाला काही मिळालं नाही, मिळालं ते कसणाऱ्याला, कारण भाव पडल्याचा फटका त्याला बसला होता. आपल्याकडे पीएम-किसानचा पैसा सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्या खात्यात जातो. खंडाने कसणारा बघत बसतो.

पण हाच नियम इथल्या कित्येक कुटुंबांवर उलटला. या भागात पुष्कळ जण डुकरं पाळतात ती कंपनीच्या मालकीची. शेड त्यांचं, शेडचं कर्जही त्यांचं, जनावर मात्र दुसऱ्याचं. कत्तलखाना बंद, नवी पिल्लं येईनात, शेड रिकामं, बँकेचा हप्ता चालू. आणि 'माल तुमचा नाही' म्हणून पहिल्या दोन्ही फेऱ्यांत हाती शून्य. डिसेंबर २०२०च्या कायद्याने त्यांची दखल घेतली खरी, पण २०२१च्या सुरुवातीला ही मदत स्थगित झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मार्गी लागली.

आणि कत्तलखान्यातला कामगार, ज्याच्या आजारपणाने ही साखळी तुटली? त्याच्यासाठी कृषी खात्याने माणशी ६०० डॉलरची योजना जाहीर केली, तीही सप्टेंबर २०२१मध्ये. तीही थेट नव्हे, संस्थांमार्फत.